ढोलवाल्या पोराची पहिली बीट

"दादा, मी बेळगावजवळच्या येळ्ळूरचा. बारावी झाली, तीन वर्षं ढोलपथकात आहे. फोनवर तयार लूप जोडून दोन बीट केल्या. मित्र म्हणाले, हे तर कुठंतरी ऐकलंय. कीबोर्ड येत नाही, क्लासला पैसे नाहीत. भावाचा जुना लॅपटॉप आहे. स्वतःची बीट करायची तर सुरुवात कुठनं करू? आणि सॉफ्टवेअर कोणतं घेऊ?"

दर गणपतीनंतर असं विचारणारे चार-पाच जण तरी येतात. म्हणून यावेळी एकदाच सविस्तर लिहून टाकतो. बीट म्हणजे रॅपसारख्या गाण्याखाली चालणारं वाजवणं, आणि लूप म्हणजे त्यासाठी तयार मिळणारा, गोल फिरत राहणारा तुकडा.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे तो डोक्यातून जाईल. विकत काहीही घेऊ नकोस. फोनवर बँडलॅब फुकट आहे, तेच खातं लॅपटॉपच्या ब्राउझरमध्येही उघडतं. लॅपटॉप फारच थकलेला असेल तर रीपर टाकून बघ. हलकं आहे, आणि साठ दिवस पूर्ण चालवून बघता येतं. एफएल स्टुडिओची चाचणी आवृत्ती कितीही दिवस वापर, पण तिची एक खोड आहे. सेव्ह केलेला प्रोजेक्ट विकत घेतल्याशिवाय पुन्हा उघडत नाही. म्हणजे एका बैठकीत बीट संपवायची, वेव्ह फाइल काढायची आणि उठायचं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी पहिला महिना मुद्दाम तेच वापरायला लावतो. अर्धवट बीटांचं गाठोडं घेऊन फिरणारी पोरं मी फार बघितलीत.

पैसे घालायचेच असतील तर वायरच्या इअरफोनवर घाल. ब्लूटूथ कानात घालून बीट वाजवायला बसू नकोस. त्यात आवाज शे-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. १४० चा वेग म्हणजे मिनिटाला १४० ठोके, आणि चार ठोक्यांचा एक बार. त्या वेगाला बारचं एक सोळांश घर साधारण १०७ मिलिसेकंदांचं असतं. म्हणजे तू पहिल्या घरावर मारलंस तरी ते तुला दुसऱ्या-तिसऱ्या घरावर ऐकू येणार, आणि तू म्हणणार, माझा तालच कच्चा आहे. ताल कच्चा नसतो, वायर नसते एवढंच.

आता मित्रांचं म्हणणं. ते खरं बोलले. तयार लूप म्हणजे दुसऱ्याच्या घरचं वाटण. त्याची आमटी तू केलीस तरी वास त्याच्या घरचाच येणार. बीटमध्ये तीन गोष्टी असतात. ठेका कसा पडतो ती चाल, तो कशावर पडतो तो आवाज, आणि वरचे सूर. नवीन माणूस हमखास सुरांपासून सुरुवात करतो, कारण गाणं म्हटलं की आपल्याला आधी सूरच आठवतो. मग कीबोर्ड येत नाही म्हणून अडतो आणि लूपच्या दुकानात शिरतो. तुझं गणित उलटं आहे. तीन वर्षं तुझा उजवा हात टोल मारतोय, चाल तुझ्या मनगटात तयार आहे. तिथून सुरू कर. आवाज तुझ्या गावात पडलेत. सूर सगळ्यात शेवटी, आणि तेही पाचच.

तू राहतोस तिथून सुळेभावी काही लांब नाही. कुमार गंधर्व तिथे १९२४ साली जन्मले. त्या मातीनं आपल्या बीट आपोआप होतील असं काही नाही, मी पंचवीस वर्षं वाट बघतोय. पण कानावर काय पडत आलंय, तेवढं तरी आपण ऐकावं.

माझंच उदाहरण देतो. बेळगावच्या शहापुरात माझी रेकॉर्डिंगची खोली आहे आणि मागच्या भिंतीला लागून पॉवरलूमची शेड. पहिली दोन वर्षं मी त्या आवाजाला नुसत्या शिव्या घातल्या. खिडकीला गोधडी बांधली, दाराला पोतं लावलं, तरी गाणाऱ्याच्या श्वासाच्या मागे माग खटखटतोच. एका रात्री गाणारा निघून गेला आणि मी हेडफोन लावून रेकॉर्डिंगचा रिकामा भाग ऐकत बसलो. तेव्हा लक्षात आलं की दोन ठोके सारखे नाहीत. धोटा एकीकडे जाताना कोरडा 'खट्' आणि परत येताना जड 'खटाक'. एका बाजूचं लाकूड सैल झालंय, असं मागवाले काका दुसऱ्या दिवशी म्हणाले. दुरुस्त करतो म्हणाले. मी म्हटलं, काका, आठ दिवस थांबा की.

घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला ११६ ठोके. मी प्रोजेक्टचा वेग ११६ ठेवला नाही. तसं केलं असतं तर मागाचा प्रत्येक ठोका मात्रेवर पडला असता आणि ते नुसतं घड्याळ झालं असतं. वेग ठेवला ८७. का? ८७ ला मागाचा ठोका बरोबर तीन-तीन घरांनी पडतो. खालची किक, म्हणजे ड्रमचा जड ठोका, चाराच्या हिशेबानं चाललीय आणि वरचा माग तिनाच्या. दोघं समेवर भेटतात थेट तीन बार झाल्यावर. चौथा बार उरला, तिथे मी माग बंदच केला. चार बारांचा फेरा, त्यातले तीन मागाचे आणि चौथा रिकामा. लाइट गेली की शेडमध्ये एकदम जशी शांतता पडते तशी. वडगावच्या एका विणकर मित्राला ऐकवलं, तो चौथ्या बारला मान वर करून म्हणाला, "लाइट गेली काय?" मला ती बीट झाल्याची पावती वाटली.

यातली एक तांत्रिक गोष्ट सांगून ठेवतो. माग यंत्र असला तरी काटेकोर चालत नाही, मिनिटाभरात पुढे-मागे होतो. सलग रेकॉर्डिंग ताणून बसवायला गेलो तर आवाजाला भोकं पडली. शेवटी एकच जोडी कापली, एक 'खट्' आणि एक 'खटाक', आणि ती घरांत मांडली. तूही लांब रेकॉर्डिंग लूप म्हणून वापरू नकोस. एकेक ठोका कापून घे.

आता तुझं काम. वेग १४० ठेव, एक बार घे, त्याची सोळा घरं कर. ही सोळा घरांची रीत रोलंडच्या टीआर-८०८ यंत्रामुळे फार पसरली. १९८० साली आलेल्या त्या यंत्राच्या खालच्या बाजूला सोळा बटणांची रांग होती. आज प्रत्येक अ‍ॅपमध्ये दिसते ती चौकटींची रांग तीच.

भजनाला बसला असशील, तर केरवा तुला पाठ आहे. धा गे न ति, न क धिं न. आठ मात्रा, प्रत्येक मात्रेला दोन घरं. यात डग्गा कुठे बोलतो ते तोंडाने म्हणून बघ. धा, गे आणि धिं. म्हणजे पहिली, दुसरी आणि सातवी मात्रा. घरांत मोजलं तर १, ३ आणि १३. तिथे किक टाक. पाचवी मात्रा खाली, तिथे डग्गा गप्प असतो. ते नववं घर. तिथे स्नेअर, म्हणजे ड्रमचा कडक ठोका, टाक. विषम घरांवर हॅट, म्हणजे झांजेसारखा बारीक आवाज, टाक आणि वाजव.

ओळखीचं वाटेल. ट्रॅप नावाचा रॅपचा जो प्रकार जगभर चालतो त्यात स्नेअर बहुतेक नवव्या घरावरच असते. आपण तिला खाली म्हणतो एवढाच फरक. केरव्यावर कुणाची मालकी नाही, त्यामुळे हा सांगाडा तू कितीही वापर. याच्यात पहिला बदल तू कर. तुमच्या पथकाचा एखादा हात, म्हणजे ठरलेला ठेका, घे आणि त्यातले टोल कुठे पडतात ते सोळा घरांत लिहून काढ. कागदावर, अ‍ॅपमध्ये नको. सोळा रेघा ओढायच्या, टोलाच्या जड ठोक्याला गोल, टिपरूच्या हलक्या ठोक्याला फुली. एक हात लिहायला तुला अर्धा तास लागेल आणि दोनदा चुकेल. पण तो कागद म्हणजे कुठल्याही दुकानात न मिळणारं आवाजांचं पॅक आहे.

हे सगळं मांडून वाजवलंस तर ते मेलेलं वाटेल. वाटायलाच पाहिजे. कारण यंत्राने प्रत्येक ठोका सारख्या जोराने आणि सारख्या वेळेला मारला. पथकात तू टोल आणि टिपरू एकाच जोराने मारलंस तर ताशावाला वळून बघेल की नाही? तसंच इथे बघ. हॅटच्या दर दुसऱ्या ठोक्याचा जोर कमी कर. एक १०० असेल तर पुढचा ६५-७०. नेमके आकडे लावू नकोस, थोडे वेडेवाकडे ठेव. मग स्नेअर पकडून दहा-पंधरा मिलिसेकंद मागे ओढ. १०७ मिलिसेकंदांच्या घरात पंधरा म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण ओढून ऐक. बीट एकदम मागे रेलून बसते, जत्रेतून परत येताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माणसं बसतात तशी. किक हलवू नकोस. कुणीतरी एक जागेवर पाहिजे.

हाताने वाजवून रेकॉर्ड केलंस तर अ‍ॅप विचारेल, क्वांटाइझ करू का? म्हणजे ठोके ओढून घरात बसवू का? शंभर टक्के कधीच करू नकोस. साठ-सत्तरवर ठेव, चूक झाकली जाते आणि हात शिल्लक राहतो. स्विंग नावाचं एक बटणही असतं, ते दर दुसरं घर थोडं मागे ढकलतं. ५० म्हणजे सरळ. ६६ च्या आसपास गेलं की चाल दादऱ्याकडे झुकल्यासारखी होते. ५४ ते ५८ मध्ये खेळ. पण स्विंग लावलंस तर वर हाताने ठोके ओढत बसू नकोस. दोन्ही एकदम केलं की लंगडं होतं.

हॅटची ती भुर्रर्र करणारी तर्री सगळ्यांना आवडते. आपल्या ताशाचीच बहीण ती. चार बारांत एकदा. दर बारला लावलीस तर मी फोन ठेवून देईन.

आता आवाज. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बीट तुझी होते ती इथे.

ढोल रेकॉर्ड करताना फोन ढोलाच्या तोंडाशी धरू नकोस. फोनचा माइक तेवढ्या जोरासाठी केलेला नाही. आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. सात-आठ फुटांवर, थोडा बाजूला ठेव. मिरवणुकीत तर मुळीच नको. खोलीतही नको, भिंतींचा घुमारा आत शिरतो. तुला राजहंसगडाच्या पायथ्याचं मोकळं रान आहे, तिथे जा. सकाळी लवकर, वारा उठायच्या आधी. वारा असलाच तर माइकच्या भोकावर पातळ मोजा ओढ. प्रत्येक ठोका पाच-सहा वेळा मार, हलका, मधला, जोराचा, आणि मध्ये दोन सेकंद थांब. एकच सॅम्पल, म्हणजे कापून घेतलेला ठोका, बीटभर वाजलं की कान ते लगेच पकडतो. पाच वेगवेगळे आलटून-पालटून आले की ढोल वाजवणारा माणूस ऐकू येतो.

फोनच्या रेकॉर्डरमध्ये वेव्हची सोय असेल तर ती निवड. लॅपटॉपवर नेताना व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ म्हणून पाठवू नकोस, तो दाबून बारीक करतो. केबलने ने नाहीतर ड्राइव्हवर टाक. मग कापताना ठोक्याच्या आधीची शांतता अगदी मुळापर्यंत काढ. ती वीस मिलिसेकंदही राहिली तर ठोका कायम उशिरा पडेल आणि तू दोष ग्रिडला, म्हणजे घरांच्या चौकटीला, देशील.

ढोलाचा टोल किकच्या जागी लावायचा मोह तुला होणार. लावून बघ. घुमारा लांबतो आणि पुढच्या ठोक्याच्या अंगावर चढतो. दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास आवाज उतरवत शून्यावर आण. मग तो धम्म न राहता धप् होतो, आणि बीटला धप् लागतं.

हलगी पाहिजे असेल तर पावसाळ्यात नको. कातडं दमट झालं की हलगी उतरते, म्हणून वाजवणारे ती आधी शेकून घेतात. शेकल्यावर पहिली पाच मिनिटं तिचा आवाज सर्वात टणक असतो. तुझा फोन तेव्हा तयार पाहिजे. हलगीवाल्याला सांगून ठेव, चहा पाज, पैसे विचार. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या वाटेवर जोगत्यांचं चौंडकं आणि तुणतुणं ऐकलंस आणि घ्यावंसं वाटलं, तर फोन काढायच्या आधी विचार. ते त्यांच्या देवीचं आहे. नाही म्हणाले तर नाही.

माझी आवडती स्नेअर कुठली सांगू? भाकरीची. आई काठवटीत भाकरी थापते तो आवाज. परातीतला थप् वेगळा, त्याच्या मागे पत्र्याची किणकिण येते. काठवटीतला पोटातून येतो. मी फोन चुलीपासून हातभर लांब, पिठाच्या डब्यावर ठेवला होता. तेवीस थपांतल्या चार कामाला आल्या. बाकीच्यांत आई विचारत होती, किती वेळ लागणार आहे. त्या थपेखाली पॅकमधली एक साधी क्लॅप, म्हणजे टाळी, अगदी हळू ठेवली, म्हणजे वरचा चटका मिळाला. हॅटच्या जागी भजनातले टाळ लाव, पण बंद टाळ. हातात दाबून धरून वाजवलेले. उघडा टाळ फार वेळ वाजत राहतो, तो आठ बारांत एकदा पुरे.

सगळेच आवाज गावचे पाहिजेत असं काही नाही. दोन तुझे आणि चार पॅकमधले, चालतंय. पण ते दोन पुढे ऐकू आले पाहिजेत.

बेस. ८०८ म्हणून जो घुमणारा आवाज लोक म्हणतात तो त्याच यंत्राच्या किकचा लांबवलेला वंशज. त्याला सूर असतो, आणि नवशिके तो सुरात लावतच नाहीत. पेटीवर पांढरी सहा धर. तोच आपला सा. ८०८ चं सॅम्पल त्या सुराला आण. खालच्या सप्तकातली ती पट्टी ५५ हर्ट्झची आहे. मोठ्या स्पीकरवर पोटात लागेल, पण फोनच्या स्पीकरवर तो सूर वाजतच नाही. इतका छोटा पडदा तेवढा खाली जात नाही. म्हणून सॅच्युरेशन किंवा हलकं डिस्टॉर्शन दे, म्हणजे आवाज मुद्दाम किंचित खरखरीत कर. वरचे अंश तयार होतात आणि कान खालचा सूर आपणच भरून घेतो. ८०८ चा एक सूर सुरू झाला की आधीचा तुटला पाहिजे, नाहीतर दोन एकमेकांत कालवतात. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरवायचा असेल तर आठव, डग्ग्यावर मनगट दाबून घुमारा वर चढवतात तो. ग्लाइडचं बटण तेच करतं. आणि किकचा आवाज आखूड ठेव. किकने दार वाजवायचं आणि ८०८ ने आत यायचं.

आता सूर. पांढरी सहा सा धरलीस तर धानी रागाचे पाच सूर सगळे पांढऱ्या पट्ट्यांवर येतात. सहा, एक, दोन, तीन, पाच. सा, कोमल ग, म, प, कोमल नि. काळीला हात लावायचा नाही, म्हणजे चुकायला जागा कमी. कीबोर्ड नसला तरी फोनवरची पेटी पुरे. आणि बोटांनी चाल शोधू नकोस. बीट चालू कर, डोळे मिट, तोंडाने गुणगुण आणि ते रेकॉर्ड कर. दहा मिनिटं बाष्कळ गुणगुणलास तर त्यात दोन बारांचा एक तुकडा बरा निघतो. तो पेटीवर शोधून काढ. तोंडातून आलेल्या चालीला श्वासाची जागा असते, बोटातून आलेली पळत सुटते.

मग चार बार कसे भरायचे? ढोलकीच्या फडातला सवाल-जवाब आठव. पहिल्या दोन बारांत सवाल, तो प किंवा कोमल नि वर लटकता ठेवायचा. पुढच्या दोन बारांत तोच तुकडा, फक्त शेवट सा वर टेकवायचा. एवढंच. तिसरी ओळ सुचली तर दुसऱ्या बीटसाठी ठेव. या बीटवर कुणीतरी शब्द म्हणणार आहे, त्याला उभं राहायला जागा लागते. आपल्याकडची पोरं मराठीत कडवं आणि कन्नडमध्ये हुक, म्हणजे ध्रुवपद, असंही करतात. त्यामुळे हुकच्या जागी तर सूर अजून कमी ठेव.

एक सावधगिरी. गुणगुणताना ओळखीचा अभंग किंवा सिनेमातली चाल नकळत येते, मलाही येते. दुसऱ्या दिवशी घरच्यांना ऐकव. आईने पुढची ओळ म्हणायला सुरुवात केली तर ती चाल टाकून दे.

चार बार झाले, आता त्याची बीट करायची. बहुतेक जण इथेच अडकतात. चार बार तीन तास ऐकतात आणि कंटाळून झोपतात. माझी पद्धत वजाबाकीची. सगळे आवाज असलेले ते चार बार चौदा वेळा पुढे चिकटव. छप्पन बार झाले. आता खोडायला बस. पहिले चार, फक्त सूर आणि टाळ. मग सोळा बार कडवं, त्यातल्या पहिल्या आठात ८०८ नको. मग आठ बार हुक, सगळं चालू. परत सोळा, आठ आणि शेवटचे चार. १४० ला हे एक मिनिट छत्तीस सेकंद होतं. पहिल्या बीटला भरपूर.

हुक यायच्या आधीच्या बारात लोक पॅकमधला फिल, म्हणजे भरीचा तुकडा, टाकतात. तू तिहाई टाक, म्हणजे तीनदा वाजवून समेवर टेकणारा तुकडा. हिशेब सोपा आहे. बारच्या तिसऱ्या घरापासून सुरू कर. एक तुकडा पाच घरांचा, तीन टिपऱ्या, एक घर रिकामं, मग टोल. टिपऱ्या ३, ४, ५ वर, टोल ७ वर. परत ८, ९, १० आणि १२. परत १३, १४, १५, सोळावं रिकामं, आणि तिसरा टोल पडतो पुढच्या बारच्या पहिल्या घरावर. हुक तिथेच सुरू होतो. या बारात किक आणि स्नेअर बंद ठेव, तिहाई एकटी ऐकू येऊ दे. ज्या दिवशी हे मी पहिल्यांदा बसवलं, त्या दिवशी एका रॅपवाल्या पोराने हुक सोडून तिहाईच चार वेळा मागे घेऊन ऐकली. मला थोडं बरं वाटलं, त्याला माझं गाणं आवडलं नव्हतं तरी.

मिक्सिंगवर आत्ता फार वेळ घालवू नकोस. सगळे आवाज शून्यावर आण. किक चढव, मग ८०८, मग स्नेअर, बाकीचं मागून. मास्टरचा, म्हणजे एकूण आवाजाचा, काटा उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नकोस. किक आणि ८०८ सोडून सगळ्यांचा १०० हर्ट्झच्या खालचा भाग कापून टाक, तिथे फक्त गाळ असतो. ८०८ मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही कानांत सारखा. आवाज इतका बारीक करून मिक्स कर की बाजूला कुणी बोललं तर कळेल. बारीक आवाजात नीट वाटलं तर मोठ्या आवाजातही बहुतेक नीट वाटतं, उलटं होत नाही. मग इअरफोन, फोनचा स्पीकर आणि ओळखीच्या कुणाची रिक्षा, तिन्हीकडे ऐक. डॉल्बीवर वाजवून बघायची घाई नको, डॉल्बीवर सगळंच चांगलं वाटतं. आणि फार मोठी करायच्या मागे लागू नकोस. यूट्यूब, स्पॉटिफायवाले उणे १४ लफ्सच्या (आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) आसपास ठेवून जास्त मोठा ट्रॅक आपणच खाली ओढतात.

शेवटी हक्कांचं. यात मी भाजलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी निपाणीच्या एका गाणाऱ्याला बीट विकली. त्यात एका साइटवरचा 'मोफत, कुठेही वापरा' म्हणणारा गिटारचा लूप होता. गाणं टाकल्यावर चौथ्या दिवशी हक्काचा दावा आला. परदेशातल्या कुणीतरी तोच लूप वापरून आपलं गाणं नोंदवून ठेवलं होतं आणि यंत्राने दोन्ही जुळवली. सगळ्यांना मिळणारा लूप असा नोंदवायला परवानगी नसते, तरी लोक नोंदवतात. मी लूपचा परवाना दाखवला, दावा निघाला, पण तोवर महिना गेला आणि गाणाऱ्याचा विश्वासही. तेव्हापासून लूप घेतलाच तर तुकडे करून, उलटसुलट मांडून घेतो. परवान्याचं पान त्याच दिवशी सेव्ह करून ठेवतो.

जुन्या गाण्याचा तुकडा उचलायचा असेल तर लक्षात घे, त्यात दोन हक्क असतात. एक चालीचा आणि एक त्या ध्वनिमुद्रणाचा. १९५७ च्या आपल्या कायद्याने ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षं राहतो आणि चालीचा रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. 'सात सेकंदांपर्यंत चालतं' असं तुला कुणीतरी छातीठोक सांगेल. कायद्यात असं कुठेच लिहिलेलं नाही.

आणि एक चूक कायद्यात बसते का मला आजही सांगता येत नाही, पण चूक होती. आपल्याकडच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचा कुणीतरी टाकलेला व्हिडिओ होता. त्यातला ताशाचा तुकडा मी उचलला. आठ दिवसांत तो ताशावाला दारात. मला वाटलं, भांडायला आला. तो म्हणाला, "हात माझाच हाय, पण ह्याच्यात गर्दी केवढी ऐकू येतीया. बोलावलं असतंस तर नीट वाजवून दिलं असतं." दुसऱ्या दिवशी ताशा घेऊन आला, दोन तास वाजवला. तेच ठोके आजही माझ्या फोल्डरमध्ये सगळ्यात वर आहेत, आणि ते ज्या बीटमध्ये जातात तिथे त्याचं नाव जातं, पैसे आले तर वाटाही. तुमच्या पथकातल्या कुणाचा हात घेतलास तर आधीच बोलून घे.

पहिली बीट झाली की वेव्ह फाइल पाठव. नावात वेग आणि सा लिही, म्हणजे '१४० पांढरी सहा' असं. तो घरांचा कागदही फोटो काढून पाठव, मला बीटपेक्षा तो आधी बघायचाय. आणि ढोल रेकॉर्ड करायला जाशील तेव्हा भावाला सोबत ने. टोल मारत मारत फोनवर लक्ष ठेवता येत नाही. माझा दगडावर पडला होता, त्याचा माइक अजून खरखरतो.